पहिल्या गिअरचा चढ

९ मार्च

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात निराळे लिहीत नाही. पत्र बोटीच्या एजंटाच्या पत्त्यावर टाकतेय. तुझी बोट कुठल्या बंदराला कधी लागते ते मला कळत नाही, तेव्हा मिळेल तेव्हा उत्तर दे, पण दे.

कारण आनंदाचं आहे. टेकडीवर मुलींचं वसतिगृह बांधतायत, त्याच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा बसवायचं काम आम्हाला मिळालं. आपल्या दुकानाने एवढं काम कधी पाहिलेलं नाही. नाक्यावरच्या मोठ्या काचवाल्यांनाही ते हवं होतं, पण ठेकेदाराने ह्यांचा हात पाहिलेला आहे. हिऱ्याने रेघ मारली की काच ह्यांच्या मनासारखी तुटते, हे त्याला ठाऊक आहे.

एक दिवस हे हवेत होते. दुसऱ्या दिवशी गाडीने जमिनीवर आणलं. आपली छोटी पिकअप तू चालवली आहेस. सपाटीवर गुणी आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण काच दिसायला हवेसारखी आणि उचलायला दगडासारखी. चढ लागला की गाडी कण्हायला लागते. पहिल्या वळणाला दुसरा गिअर सोडते, दुसऱ्या वळणाला पहिल्या गिअरमध्येही धापा टाकते, आणि शेवटचं वळण, जिथे रस्ता भिंतीसारखा उभा राहतो, ते तर आम्ही भरल्या गाडीने अजून पाहिलेलंच नाही. मी लाकडी ठोकळा हातात घेऊन मागून चालते, गाडी घसरली तर चाकाखाली घालायला. परवा एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, आमच्या पुढे निघून गेले, वर जाऊन थांबले आणि विचारते झाले, "ढकलू का?"

मला हसू आलं. ह्यांना नाही आलं. त्या दिवशी सगळी काच परत खाली आणली.

नव्या गाडीचा विषय काढायची सोय नाही. भाड्याचे ट्रकवाले काच म्हटलं की मान फिरवतात. काम हातचं गेलं तर दुकान चालवण्यात अर्थ उरणार नाही, हे दोघंही जाणतो आणि दोघंही बोलत नाही. तू एवढी मोठी जहाजाची इंजिनं सांभाळतोस, आमच्या गाडीच्या ह्या पोरीचंही काहीतरी सांग.

तुझी ताई

मेहुणे, तुमची बहीण तिखटमीठ लावून सांगते. तो म्हातारा तरुणपणी पैलवान असणार. उपाय कळवा, स्वस्तातला. — भावजी


२ एप्रिल

ताई,

पत्र काल हातात पडलं. इंजिनखोलीत बसून लिहितोय, त्यामुळे कागदावर काळी बोटं उमटली आहेत. म्हणजे माझं इकडे ठीक चाललंय असं समज. तो म्हातारा मला फार आवडला.

भावजींना सांग, आधी एक मनाशी पक्कं करा. इंजिनात मुळात जेवढा जीव आहे त्याहून जास्त आपण घालू शकत नाही. कोणी मिस्त्री म्हणाला की मोठा कार्बोरेटर बसवतो, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पण आहे तो जीव वाटेत कुठे कुठे सांडतो ते शोधता येतं, आणि त्याला खर्च फार नाही.

सुरुवात हवेपासून. गाडी दुकानातच उभी असते, तिथे चौकटींचा भुसा आणि पुट्टीची पूड सतत उडते. एअर फिल्टर उघडून बघा. काळा बोळा झाला असेल तर झटकत बसू नका, नवा घाला. प्लग बदला. टॅपेट आणि टायमिंग एखाद्या शांत डोक्याच्या मिस्त्रीकडून जुळवून घ्या. सायलेन्सर काढून आतली काजळी पाडा, नाहीतर इंजिनाला घेतलेला श्वास सोडता येत नाही. मग गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने फिरवा. जे अडखळत फिरेल त्याचा ब्रेक धरून राहतोय. असं असेल तर तुम्ही इतके दिवस ब्रेक दाबून चढ चढताय.

खरा फरक मागच्या चाकांनी पडेल. एक माप लहान टायर बसत असतील, आणि काच भरल्यावरचं वजन पेलण्यासारखे असतील, तर जुन्या बाजारातून घ्या. चाक लहान झालं की वेग कमी होतो आणि ओढ वाढते. सपाटीवर सायकलवाले पुढे जातील, जाऊ देत.

आणि वजन. गाडीवर जे लोखंड बसलंय ते उतरवा. गाडी स्वतःला जेवढी कमी वाहील तेवढी काच जास्त वाहील. भावजी, हे खास तुम्हाला: एका फेरीत सगळं न्यायचा हट्ट सोडा, अर्धी गाडी भरा.

बोट उद्या सुटतेय. ताई, तू ठोकळा घेऊन मागून चालतेस ते मला आवडलेलं नाही. दुसरं कोणी मिळत नाही का?

बारक्या


२६ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र ह्यांनी भिंतीवर खिळ्याला अडकवलंय. जेवायला बसले तरी नजर तिकडेच.

फिल्टर उघडला तेव्हा मिस्त्री म्हणाला, ह्यात रोप लावलं असतं तर उगवलं असतं. सायलेन्सरमधून घमेलंभर काजळी निघाली आणि माझे वाळत घातलेले कपडे गेले. मागचं डावं चाक खरोखर धरून राहिलेलं होतं. हे त्या चाकावरून हात फिरवत म्हणाले, एवढी वर्षं बिचारीचा पाय बांधून तिला पळ म्हणत होतो.

लहान टायर मिळाले. गाडी मागून बसल्यासारखी दिसते, पोरं हसतात. पण अर्धी गाडी भरून आम्ही दुसरं वळण पार केलं. इंजिन बंद पडलं नाही. हे वाटभर गुणगुणत होते. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं असेल, आणि आवाज इतका वाईट आहे हे विसरले होते.

आता अडचण निराळी. ठेकेदार म्हणतो, खिडक्या उघड्या आहेत, रंगारी खोळंबलेत, अर्ध्या अर्ध्या गाड्यांनी हे काम कधी पुरं व्हायचं? त्याने मुदत घातली. त्याआधी सगळी काच वर पोचली नाही तर उरलेलं काम नाक्यावरच्या काचवाल्यांकडे जाणार. म्हणून ह्यांना पूर्ण गाडी न्यायची आहे. टपाचं कॅरिअर काढलं, मागचा जाड पत्रा काढला, बंपर काढला. तरी समाधान नाही. आता त्यांचा डोळा घोडीवर आहे. तुला आठवत असेल, काचा उभ्या टेकवून बांधायची ती मागची लोखंडी घोडी. चौघांनी उचलावी लागते. सुतार म्हणतो तशीच लाकडाची करून देतो, निम्म्याहून हलकी. मी म्हटलं, बारक्याला विचारू. तर म्हणाले, विचारायचं काय, त्यानेच लिहिलंय, गाडीवरचं लोखंड उतरवा.

मला ते पटत नाही, पण मला का पटत नाही ते सांगता येत नाही. तू लगेच कळव.

ठोकळ्याला दुसरं कोणी नाही. मीच बरी.

ताई


१३ मे

बारक्या,

तुझं उत्तर आलेलं नाही, बोट वाटेत असेल.

शेवटच्या वळणावर अपघात झाला. ह्यांच्या हाताला लागलंय. दवाखान्यात आहेत, जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. मला काही झालेलं नाही. तू काळजी करू नकोस, आणि नोकरी टाकून यायचं मनात आणू नकोस. सविस्तर नंतर लिहीन.

ताई


१६ मे

ताई,

बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे. आत जायला जागा नाही. आज टपालाची नाव आली आणि तुझं २६ एप्रिलचं पत्र मिळालं. नाव तासाभरात परत जातेय म्हणून घाईत लिहितो.

घोडीला हात लावू नका. सुताराला नाही म्हणून सांग. मी लिहिलं ते कॅरिअर आणि बंपरसारख्या लोखंडाबद्दल, घोडीचं माझ्या डोक्यातही आलं नाही. काच उभी असते, चढावर तिचं सगळं वजन मागे कलतं, आणि गाडीला हिसका बसला की ते एका सांध्यावर येतं. लाकडाचा सांधा तिथे टिकणार नाही. लाकडाची केली असेलच तर तिच्यावर काच चढवू नका, जुनी परत बसवा.

आणि मुदतीचं जाऊ दे. काम गेलं तर गेलं. मी सुट्टीवर येईन तेव्हा बघू काय करायचं ते. भावजींना माझी शपथ घाल हवी तर.

बाकी वाचून मजा वाटली. त्यांचं गाणं मला ऐकायचंय. ताई, एक टायर पंक्चर झालं तर स्टेपनी मोठ्या मापाची आहे, ती मागे लावू नका.

बारक्या


२२ जून

बारक्या,

तुझं घोडीबद्दलचं पत्र आलं तेव्हा ह्यांना घरी आणलेलं होतं. त्यांनी विचारलं, काय लिहितोय मेहुणा? मी वाचून दाखवलं. सगळं. तू म्हणशील गाळायचं होतं. मला गाळता आलं नाही, वाचत होते ती वाचतच गेले. ऐकून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." 

आता झालं ते सांगते.

सकाळची वेळ होती. पूर्ण गाडी भरली होती, लाकडी घोडी, काचा दोन्ही अंगांना बांधलेल्या. गाडी खरोखर छान चढत होती. पहिलं वळण, दुसरं वळण. मी ठोकळा घेऊन मागून जवळजवळ धावत होते. शेवटच्या वळणावर रस्ता उभा झाला, तिथेही ती बरीच वर गेली. वसतिगृहाच्या उघड्या खिडक्या दिसायला लागल्या. आणि एकदम इंजिन बंद पडलं.

ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी मागे आली, मी गुडघ्यावर बसून डाव्या चाकाखाली ठोकळा सरकवला, आणि चाक त्यावर येऊन आदळलं. हिसका बसला. लाकूड करकरलं ते मला ऐकू आलं नाही, मी ठोकळ्यावर दगड मारत होते. ह्यांना पुढे ऐकू आलं. ते हँडब्रेक ओढून उतरले आणि मागे आले.

तुला माहीत आहे, दुकानात आलेल्या प्रत्येक माणसाला हे पहिली गोष्ट काय शिकवतात. काच सुटली की हात मागे घ्यायचा. पडू द्यायची. काच परत मिळते. मलाही लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शिकवलं होतं. आणि त्या दिवशी घोडी माझ्या अंगावर यायला लागली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "सरक" म्हणाले, ओरडले नाहीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले. मी सरकले. काच त्यांच्या उजव्या मनगटावरून गेली.

वरचे गवंडी धावत आले. त्यांनी हात घट्ट बांधला, उरलेली काच रस्त्यातच ढकलून दिली आणि गाडी खालच्या तोंडाला वळवली. चालवणारं कोणी नव्हतं, मी बसले. मला फक्त सपाटीवर येते. हे शेजारी, एका गवंड्याने त्यांना धरलेलं. रंग पांढराफटक पडला होता आणि तरी मला शिकवत होते. "गिअरमध्येच उतरव. ब्रेकवर सगळा भार नको." बारक्या, खाली यायला त्या गाडीला काही ताकद लागत नाही. ती इतकी हलकी उतरली.

डॉक्टरांनी शिरा जोडल्या. मनगटाखाली हात आहे, पण बोटं हलत नाहीत, आणि हलतील असं ते म्हणत नाहीत. काम मुदतीत झालं नाही, ते मोठ्या काचवाल्यांकडे गेलं. ठेकेदार भेटायला आला होता. फळं घेऊन आला आणि दारातूनच गेला.

ताई


१९ जुलै

ताई,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आधी मोठं उघडलं.

मी ते वाक्य कसं लिहिलं ते आठवतंय. बोट सुटायची होती, कागद संपत आला होता. "टपाचं कॅरिअर, बंपर" असं लिहायचं होतं ते राहिलं, "गाडीवरचं लोखंड" एवढंच लिहून मोकळा झालो. आणखी एक ओळ बसली असती. मी म्हाताऱ्याच्या गमतीला जागा घालवली, आणि ह्याला ठेवली नाही.

सुट्टी मागितली. मुख्य इंजिनिअर म्हणतो, बदली माणूस मिळेपर्यंत नाही, आणि तो वर्ष संपेपर्यंत मिळायचा नाही. माझं कामात लक्ष नाही. परवा एक पंप उलटा जोडला.

डाव्या हाताने हिरा धरता येईल अशी पकड मी पितळेची करतोय. मनगटाला पट्ट्याने बांधायची. भावजींचा डावा हात कसा आहे ते कळव, बोटांची मापं पाठव. तुला हे वेड्यासारखं वाटेल. पण मला दुसरं काही येत नाही.

बारक्या


१० ऑगस्ट

मेहुणे,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसा. मापं पाठवत नाही. पकड करू नका. काच हाताच्या जोरावर कापत नाहीत, कुठे थांबायचं ते बोटांना कळतं, ते गेलं.

तुमची चूक नाही. तुमच्या बहिणीने दोनदा सांगितलं होतं उत्तराची वाट बघू, मी ऐकलं नाही. तुमचं वाक्य मला हवं तसं वाचलं. गाडी चांगली चढत होती. आणखी थोडी चढली असती तर आपण सगळे हसत असतो.

एक विचारायचं आहे. ती शेवटी का बंद पडली? सगळं तर केलं होतं. दिवसभर तेच डोक्यात असतं.

भावजी


२ सप्टेंबर

भावजी,

खरं सांगतो. तुम्ही सगळं बरोबर केलंत. इंजिन तेवढंच होतं. ह्याहून जास्त त्यात नव्हतं.

बारक्या


१४ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं दोन ओळींचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं. रागावले नाहीत. मला वाटलं होतं रागावतील, ते बरं झालं असतं.

दुकान बंद केलं. मी नाक्यावरच्या मोठ्या काचवाल्यांकडे कामाला जाते. तिथे काच कापायचं यंत्र आहे, मी माप घेते आणि कडा घासते. मालक वाईट नाही. ह्यांची चौकशी करतो, पण माझ्याकडे न बघता. गाडी एका गादीवाल्याने नेली. त्याचा माल कापसाचा आणि गिऱ्हाइकं सगळी सपाटीवर. परवा मला रस्त्यात दिसली. गाद्यांनी आभाळापर्यंत भरलेली, मजेत चालली होती.

हे घरीच असतात. डाव्या हाताने जेवतात, अंघोळ करतात, मला काही करू देत नाहीत. उजवा हात मांडीवर ठेवून बसतात, दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा. शेजारी बोलवायला येतात, जात नाहीत. मी कामावरून आले की दिवसभराचं सांगते, ऐकतात की नाही कळत नाही. एकदा म्हणाले, "तू जा तुझ्या भावाकडे, मी बघतो माझं." बोटीवर कुठे जाऊ, म्हणून मी थट्टा केली. पण ते थट्टेने बोलले नव्हते. मी आता घरातले काच कापायचे हिरे, जुन्या काचा, सगळं कामावर नेऊन ठेवलंय. कारण तुला लिहीत नाही. समज.

मागच्या आठवड्यात वसतिगृहातली एक काच फुटली, बदलायला मला पाठवलं. नाही म्हणता आलं नाही. मालकाच्या मोठ्या ट्रकमधून गेले, ड्रायव्हरशेजारी बसून. मी डोळे मिटून घ्यायचं ठरवलं होतं, पण घेतले नाहीत. पहिलं वळण आलं, गेलं. दुसरं गेलं. शेवटच्या वळणावर ड्रायव्हर मला त्याच्या मुलीच्या परीक्षेचं सांगत होता. त्याचं बोलणंसुद्धा थांबलं नाही. ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये होता. मी बघितलं, तिसऱ्या. जिथे आमची काच सांडली होती तिथे रस्त्याच्या कडेला अजून चुरा आहे, उन्हात चमकतो.

वर मुली राहायला आल्यात. खिडक्या चांगल्या बसवल्यात. मी माझी काच बसवली आणि आले.

घरी हे जागेच होते. कसं कोणास ठाऊक, त्यांना कळलं होतं मी कुठे गेले होते ते. कधी नव्हे ते स्वतःहून बोलले. विचारलं, "शेवटच्या वळणावर कितव्या गिअरला घेतला?"

मी चपला काढत होते. म्हटलं, "पहिल्याच. आणि तरी बंद पडला. खाली उतरून मागे ठोकळा लावावा लागला."

त्यांनी उजवा हात मांडीवर सारखा करून घेतला. मग म्हणाले, "एवढा मोठा ट्रक." मी म्हटलं, हो, एवढा मोठा. त्यांनी मान हलवली आणि जेवायला वाढ म्हणाले. आणि नीट जेवले, बारक्या. अपघातानंतर पहिल्यांदा.

त्या रात्रीपासून रोज विचारतात. ट्रक कुठे थांबला, ड्रायव्हर काय म्हणाला, किती मागे आला. मी रोज सांगते. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त सांगते. हे किती दिवस निभेल मला माहीत नाही. गावात कोणीही सांगेल की तसले ट्रक रोज वर जातात.

तू वर्षअखेर येशील. आलास की ते तुला टेकडीवर घेऊन जायला सांगतील, नाही म्हण. आणि तू एकटा जाऊन बघितलास तो चढ, तर घरी येऊन एवढंच म्हण, की फार उभा आहे, तिथे कुठलंच इंजिन टिकणार नाही. तुझ्यावर ते विश्वास ठेवतील.

ताई